सात मिनिटं आणि आईच्या गोळ्या

मारबतीचा दिवस, रात्रीचे साडेअकरा.

कॅनडातून सुट्टीला नागपूरला घरी आलोय. दुपारी इतवारीकडे जाऊन पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारा पुतळा, पाहून आलो, चार वर्षांनी. पाऊस भुरभुरत होता तरी गर्दी तीच. लोक ओरडून राहिले होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत, मी पण हळूच म्हणून घेतलं की माझी ओएससीई, म्हणजे कॅनडातली फार्मासिस्टची प्रॅक्टिकल परीक्षा, घेऊन जा गे मारबत. बाजूचा पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला, त्याला काय समजावणार.

इथे घरी पण कुणाला नीट समजलेलं नाही म्हणा. आईचा समज असा की मी कॅनडात कॉलेज करतोय. चूक तिची नाही, तिथे फार्मासिस्टला लायसन्स देणाऱ्या संस्थेचं नावच ओंटारियो कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्स आहे, आपल्या कौन्सिलसारखंच, पण नावात कॉलेज. मी फोनवर म्हणायचो 'कॉलेजचं अजून बाकी आहे' आणि ती शेजारच्या काकूंना सांगायची की पोरगा बत्तीसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसला. काकूंनी परवा विचारलं, किती वर्षांचा कोर्स आहे रे. मी म्हटलं, मलाच माहीत नाही.

आपल्याकडे बी. फार्म झालं की महाराष्ट्राच्या कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं, विषय संपला. तिथे आधी नाप्राच्या, म्हणजे तिथल्या फार्मसी कौन्सिलांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या, गेटवे वेबसाइटवर नाव नोंदवा, मग पीईबीसीकडे, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडे कागदपत्रं तपासायला द्या, ती पास झाली की इव्हॅल्युएटिंग एक्झाम, ती निघाली की क्वालिफाइंगचा पार्ट वन, तो एमसीक्यू, आणि मग पार्ट टू, ओएससीई. त्यानंतर पण राज्याची कायद्याची परीक्षा वगैरे आहेच. फीचे आकडे रुपयात करायचे नाहीत हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला, नाहीतर झोप लागत नाही. अमेरिकेचं पण पाहिलं होतं, पण 2003 नंतर डिग्री झालेल्यांना तिथे पाच वर्षांचा कोर्स लागतो आणि आपलं बी. फार्म चार वर्षांचं, म्हणजे दारातूनच परत. एक मित्र ऑस्ट्रेलियाला गेला, त्याने तिथली कॅप्स नावाची परीक्षा दिली, दोन पेपर आणि मग इंटर्नशिप, तो आता सेटल आहे आणि मला दर महिन्याला एकदा तरी 'तू इकडे यायला पायजे होतं बे' असं ऐकवतो.

कागदपत्रांचं जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं. ट्रान्सक्रिप्ट संस्थेकडून थेट जावं लागतं, आपल्या हाताने नाही, आणि एका ऑफिसात (कुठल्या ते जाऊ द्या) मला तीन वेळा सांगितलं की साहेब जेवायला गेले. त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, तिथल्या माणसाला वाटलं बाबांचं नाव हेच माझं आडनाव आहे. त्याच्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट. असो.

इव्हॅल्युएटिंग आणि पार्ट वन मी पहिल्या फटक्यात काढले. औषधं मला येतात. नावं थोडी बदलतात, पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणायचं, अ‍ॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन, ग्लायबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड, हे महिनाभरात डोक्यात बसतं. मे महिन्यात अडकलो ते ओएससीईला. एका खोलीत जायचं, समोर पेशंट म्हणून अ‍ॅक्टर बसलेला, बाजूला मार्क देणारा गप्प, सात मिनिटं, घंटी, बाहेर, पुढची खोली. केसेस सांगता येत नाहीत, सही करून दिली आहे, पण एवढं सांगतो की माझं उत्तर बहुतेक ठिकाणी बरोबर होतं आणि मी ते दोन मिनिटांत देऊन मोकळा होत होतो. मग उरलेला वेळ मी त्या माणसाकडे आणि तो माझ्याकडे पाहत बसायचा. एका खोलीतून बाहेर पडताना दरवाज्याच्या कडीला हात लावला तेव्हा आठवलं, अ‍ॅलर्जी आहे का हे विचारलंच नाही.

ही सवय धंतोलीची. मी तिथे एका मेडिकलमध्ये तीन वर्षं होतो. धंतोलीत हॉस्पिटलांना हॉस्पिटल लागून, संध्याकाळी सात ते दहा काउंटरवर चार-चार हात पुढे, प्रत्येकाला घाई, गाडी डबल पार्किंगला. तिथे वेग हीच हुशारी. पर्ची वाचायची, रॅककडे न बघता हात घालायचा, कैचीने स्ट्रिप कापायची, पाकिटावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ, 'सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर', नेक्स्ट. कापलेल्या तुकड्यावर एक्सपायरी राहिली की उरलेल्या पत्त्यावर, कोण पाहतं. आणि कुणी नुसतं 'गुडघ्याची गोळी द्या' म्हटलं तरी देत होतो, शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या पर्चीशिवाय द्यायची नाहीत ती औषधं, काय ते पुस्तकात. कुणी विचारलंच नाही मला आणि मी पण कुणाला विचारलं नाही.

कॅनडात आता मी एका फार्मसीत असिस्टंट आहे. ट्रेवर पाच-पाच गोळ्या स्पॅचुलाने सरकवतो, बाटलीत भरतो, लेबल लावतो, आणि कुणी काही विचारलं की म्हणायचं थांबा, फार्मासिस्टला बोलावतो. तोंड उघडायची परवानगी नाही. आणि 2023 पासून ओंटारियोत फार्मासिस्ट स्वतः डोळे येणं, साधं युरीन इन्फेक्शन, असल्या गोष्टींना औषध लिहून पण देतात. आमची फार्मासिस्ट पोरगी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, एका म्हातारीशी दहा मिनिटं नुसतं बोलत बसते आणि सुरुवातीला माझ्या मनात यायचं, काय टाइमपास करून राहिली ही, मागे लाइन किती आहे.

तर नोव्हेंबरला पुन्हा आहे. म्हणून सुट्टीत प्रॅक्टिस. परवा, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जेवून सगळे सुस्त बसले होते तेव्हा म्हटलं चला, आई पेशंट, मी फार्मासिस्ट, बाबा टायमर. बाबा महावितरणमधून रिटायर आहेत, त्यांना टाइम पाळायला आवडतं. स्टीलचं ताट आणि पळी घेऊन बसले. मी आईला केस लिहून दिली, तुला सर्दी झाली आहे, गोळी मागायला आली आहेस, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. पहिल्या वेळी तिने आत येतानाच सांगितलं, मला सर्दी झाली, अ‍ॅलर्जी नाही, मधुमेह नाही, आणि तू जेवलास का. बाबांनी ताट वाजवलं, बाद.

दुसऱ्या वेळी जरा सिरियसली. मी पाठ केलेलं सगळं विचारत गेलो, किती दिवसांपासून, ताप आहे का, अजून कोणती औषधं चालू आहेत.

कागदावर लिहिलं होतं, 'कोणतीही नाही'. आई कागद विसरली.

म्हणाली, बीपीची आहे सकाळची. आणि ते गुडघ्याचं.

गुडघ्याचं कोणतं?

ते कोपऱ्यावरचा देतो ना, दोन टाइमचं. त्याच्याने बरं वाटते.

किती दिवस झाले?

उन्हाळ्यापासून घेऊन राहिली, ऊठबस होत नाही मले.

मी उठून फ्रिजवरचा डबा काढला. बीपीचं पान, टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5, एकाच गोळीत. आणि त्याच्याखाली कैचीने कापलेले चार तुकडे, असेक्लोफिनॅक पॅरासिटामॉलचे, एकावरही तारीख नाही. मी कापले असते तर असेच कापले असते.

मी विचारत राहिलो. पाय सुजतात का? संध्याकाळी थोडे, उभं राहून राहून. लघवी कमी होते का? हट, काही पण विचारतो. आई, सांग ना. हो, थोडी. पाणी किती पितेस? पाणी कुठं पिल्या जाते, सारखं उठावं लागते मग. बीपी शेवटचं कधी मोजलं? बाबा मध्येच म्हणाले, मागच्या महिन्यात 158 होतं, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका.

पार्ट वनला हे पाठ केलं होतं, तीन औषधं एकत्र आली की किडनीवर मार. आईला समजावताना पाण्याच्या फिल्टरवर आणलं. बीपीच्या गोळीतल्या एका औषधाने टाकीतलं पाणीच कमी केलं, दुसऱ्याने फिल्टरच्या नंतरचा नळ सैल सोडला, आणि ही दुखण्याची गोळी फिल्टरच्या आधीचा नळ आवळते, मग फिल्टरला प्रेशर मिळणार कुठून. वरून पेनकिलरने बीपी पण चढतं, म्हणजे बीपीची गोळी अर्धी वाया. आई म्हणाली, मग तो पोरगा काहून देते? मी काय सांगणार, तो पोरगा म्हणजे मीच की. त्याने विचारलं नसेल आणि हिने सांगितलं नसेल, आणि खरं सांगायचं तर चार वर्षं रोज व्हिडिओ कॉल करून मी पण तिला 'गोळ्या घेतेस ना वेळेवर' याच्यापुढे कधी गेलो नाही.

मग लक्षात आलं की घंटी वाजली नाही. बाबांकडे पाहिलं तर पळी हातात तशीच.

"किती झाले?" मी विचारलं.

"एकोणीस मिनिटं झाली," बाबा म्हणाले, "पण तू विचारून राहिला होता म्हणून नाही वाजवलं."

काल तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुखण्याची गोळी लगेच बंद करायला सांगितली, बीपीची मनाने बंद करायची नाही, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, म्हणजे किडनीसाठीच्या रक्ताच्या टेस्ट, करून या. तोपर्यंत गुडघ्याला शेक आणि लागलंच तर साधी पॅरासिटामॉल. आई दोन दिवसांपासून माझ्यावर फुगली आहे, गुडघा दुखतोय आणि त्याला कारण मी. काल रात्री उशीखाली एक तुकडा सापडला, जप्त केला.

आज लॅब मारबतीमुळे बंद. उद्या आठ वाजता पोरगा घरी येतो रक्त घ्यायला. या टेस्टला उपाशी राहायचं नसतं हे तीनदा सांगून झालं, तरी तिने आत्ताच जाहीर केलंय की रक्त जाईपर्यंत ती चहा घेणार नाही आणि बाबांना पण मिळणार नाही.