मॉरिशसचे चार रकाने आणि त्यात न मावणारी माणसं

मॉरिशसमधल्या मराठी माणसाला निवडणुकीच्या उमेदवारी अर्जावर आपला समाज ‘मराठी’ असा लिहिता येत नाही. राज्यघटनेने चारच समाज मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. पहिल्या तिघांत जो बसत नाही तो चौथ्यात. तेलुगू आणि तमिळ उमेदवारांप्रमाणे मराठी उमेदवारही हिंदू रकान्यात जातो.

हा रकाना भरून घेतात तो ‘बेस्ट लूझर’ पद्धतीसाठी. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत अल्पसंख्याकांना, विशेषतः मुस्लिमांना, भीती होती की बहुमतापुढे आपलं कुणी निवडूनच येणार नाही. त्यावर काढलेला हा तोडगा 1967च्या निवडणुकीपासून लागू आहे. मुख्य बेटावर 20 मतदारसंघांतून प्रत्येकी 3 आणि रॉड्रिग्ज बेटावरून 2, असे 62 जण थेट निवडून येतात. त्यानंतर हरलेल्या उमेदवारांमधून जास्तीत जास्त 8 जणांना जागा दिल्या जातात.

हिशेब असा. समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या निवडून आलेल्या जागा अधिक एक या आकड्याने भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजातल्या, आपापल्या मतदारसंघात मतांची टक्केवारी सर्वाधिक असलेल्या पराभूत पक्षीय उमेदवाराला जागा मिळते. समजा मुस्लिम 5 आणि जनरल पॉप्युलेशनचे 14 निवडून आले. 1,37,081 भागिले 6 म्हणजे सुमारे 22,800; 2,36,867 भागिले 15 म्हणजे सुमारे 15,800. जागा मुस्लिमांना. मग त्यांच्या जागा 6 धरून पुन्हा तोच भागाकार. पहिल्या चार जागा अशा पक्ष न पाहता दिल्या जातात. उरलेल्या चार जागांमध्ये मात्र पक्षांचं मूळ बलाबल बिघडू नये, हे पाहावं लागतं.

गफलत लोकसंख्येच्या आकड्यांत आहे. वरचे आकडे 1972च्या जनगणनेतले आहेत. त्यानंतर जनगणनेत समाज विचारणं बंद झालं आणि 1982मध्ये घटना दुरुस्त करून 1972चाच आधार कायम केला गेला. त्यामुळे आजच्या जागा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर वाटल्या जातात. समाज सांगायला नकार देणाऱ्यांचे अर्ज बाद झाले, आणि 2012मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने मॉरिशसविरुद्ध निर्णय दिला. 2014मध्ये तात्पुरता कायदा करून त्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली, पण 2019मध्ये ती परत आली.

माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय क्रिओल लोकांवर झाला आहे. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. गुलामगिरी 1835मध्ये संपली आणि भरपाई मिळाली ती मालकांना. आज घटनेत त्यांची वेगळी नोंदच नाही. ते त्याच मालकवर्गातल्या फ्रेंच वंशाच्या कुटुंबांसोबत एका रकान्यात आहेत. त्या रकान्याची जागा श्रीमंत गोऱ्या उमेदवाराला मिळाली तरी हिशेब बरोबरच ठरतो. फेब्रुवारी 1999मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली उसळल्या. त्या संतापाला इतक्या वर्षांची ही पार्श्वभूमी होती.

मराठी समाजाचं तसं नाही. मुंबई बंदरातून गिरमिट करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरीच्या करारावर, गेलेल्यांचे, बरेचसे कोकणातल्या गावांचे, हे वंशज. घरात बहुतेक जण क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली स्थानिक भाषाच बोलतात. तरी शाळेत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडीचं नातं सांगणारी ‘झाकरी’ अजून गायली जाते. म्हणजे रकाना हिंदू असला तरी पूर्वजांच्या भाषेमुळे वेगळी ओळख टिकते आणि सरकारही ती मानतं. क्रिओल भाषेला मात्र प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय होण्यासाठी 2012 उजाडावं लागलं, आणि तीही देशातल्या जवळजवळ प्रत्येकाला येणारी भाषा.

रकाने नुसते पुसून मात्र चालणार नाही. एका मतदाराची तीन मतं आणि तीन जागा या रचनेत एकच आघाडी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकू शकते. 1982, 1995 आणि 2024मध्ये तसंच झालं. तेव्हा मुख्य बेटावरच्या विरोधकांना सभागृहात शिरायला बेस्ट लूझरचीच वाट उरते. म्हणून समाजाची नोंद काढायची असेल, तर त्याच दुरुस्तीत पक्षांच्या मतांच्या प्रमाणात काही जागा देणारी यादी आणायला हवी.