तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्गनच्या पेटीवरील कवटीविषयी

गडचिरोली जिल्ह्यातील वडशाहून निघालेली आमची गाडी एखाद्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, पोहोचते आणि रंगमंचापुढे वाद्ये मांडायला सुरुवात होते, तेव्हा पोरांचा पहिला घोळका माझ्या ऑर्गनच्या पेटीभोवती जमतो, कारण तिच्या झाकणावर एक पांढरी कवटी चिकटवलेली आहे. पोरांच्या मागून मोठी माणसे येतात. ‘काहून जी मास्तर, हे कवटी कायची आय?’ हा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतील एका बँडची आहे, असे सांगितले की दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो: दिवसा धान पिकवणाऱ्या आणि रात्री झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाला साथ करणाऱ्या माणसाला भुताखेतांची इंग्रजी गाणी कशाला हवीत? यंदा एका गावातील शिक्षकांनी त्यात तिसऱ्याची भर घातली. त्या बँडमधली माणसे सारखी बदलत गेली असे तुम्हीच म्हणता, तर मग तो बँड नेमका कोणाचा, असे त्यांनी विचारले. नांदीच्या घाईत याचे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून ते आता सवडीने लिहीत आहे.

बँडचे नाव मिसफिट्स. त्याच्यापर्यंत मी उलट्या वाटेने गेलो. नागपूरला शिकत असताना वसतिगृहातील माझ्या खोलीत मेटॅलिका हा बँड रात्रंदिवस वाजत असे. मेटॅलिकाने १९८७ साली केवळ दुसऱ्यांची गाणी वाजवलेली एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली होती आणि तिच्या शेवटी दोन गाणी एकाला एक जोडून वाजवली होती. ती दोन्ही मिसफिट्सची होती. मेटॅलिकाचा दिवंगत बासवादक (बास म्हणजे खर्जातली गिटार) क्लिफ बर्टन याने हीच कवटी हातावर गोंदवून घेतली होती, हेही मला तेव्हाच कळले. त्या जोडगाण्यातील पहिल्याचे शब्द इतके हिडीस आहेत की मी ते घरात मोठ्याने म्हणणार नाही. पण त्याची चाल मात्र लग्नाच्या वरातीत वाजवावी इतकी गोड आहे. शब्द एकीकडे आणि चाल दुसरीकडे, असा हा काय प्रकार आहे, या कुतूहलाने मी मूळ बँड शोधून ऐकला.

ग्लेन डॅन्झिग या गायकाने १९७७ साली न्यू जर्सी राज्यातील लोडाय या लहान गावात हा बँड उभा केला. नाव घेतले ते मेरिलिन मन्रोच्या १९६१ सालच्या चित्रपटाचे. सोबतीला नुकताच बास हातात घेतलेला जेरी नावाचा तरुण आणि ड्रमवर मॅनी मार्टिनेझ, एवढाच संच होता. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीत गिटार औषधालासुद्धा नाही. डॅन्झिगने स्वतः इलेक्ट्रिक पियानो वाजवला आणि त्याचा आवाज फाटका, करकरीत करून गिटारची जागा भरून काढली. ऑर्गनवाल्या माणसाला ही गोष्ट किती सुखावते, हे गिटारवाल्यांना सांगून कळणार नाही. आमच्याकडेही गावचा रस्ता खराब म्हणून गाडी अडकते, एखादा वादक पोहोचत नाही, आणि मग त्याची सगळी वाजवणूक डाव्या हाताने पेटीवरच करावी लागते. मी ती तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला भीतीबीती काही वाटली नाही. आपलाच कोणी गाववाला अडचणीत सापडून वाजवतो आहे, असे वाटले.

त्या तबकडीवर जेरीचे आडनाव चुकीचे छापले गेले. त्यावर तो म्हणाला की यापुढे माझे नाव जेरी, फक्त जेरी, एवढेच छापा. आणि म्हणून तो जन्माचा जेरी ओन्ली झाला. आमच्या पोस्टरवर माझे नाव गेल्या बारा हंगामांत चार प्रकारांनी छापले गेले आहे, पण त्यातून असे झकास नाव काही मला मिळालेले नाही.

नावाचीच आणखी एक गंमत आहे. डॅन्झिगने तबकडी काढण्यासाठी स्वतःच्या कंपनीला ‘ब्लँक’ असे नाव दिले होते. मर्क्युरी या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीला तेच नाव हवे होते, तेव्हा ते नाव सोडण्याच्या बदल्यात डॅन्झिगने स्टुडिओतील ३० तास मागून घेतले. त्या तासांत, १९७८ च्या सुरुवातीला, नवा गिटारवादक फ्रांशे कोमा आणि ड्रमर मिस्टर जिम यांना घेऊन बँडने १७ गाणी ध्वनिमुद्रित केली. ती घ्यायला एकही कंपनी तयार झाली नाही. काही गाणी सुटी सुटी बाहेर पडत राहिली, पण संपूर्ण ध्वनिमुद्रिका म्हणून ते काम लोकांच्या हातात पडायला १९९० चे दशक अर्धेअधिक उलटावे लागले, आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत चांगले काम आहे. त्यात भुते थोडी आहेत आणि बातम्या, टीव्ही, खून, राजकारण अधिक आहे. भयाचा मुखवटा त्यांनी अजून पुरता चढवलेला नव्हता.

तो चढला १९७९ मध्ये. माझ्या पेटीवरील कवटी मूळची १९४६ सालच्या एका १२ भागांच्या अमेरिकन चित्रपटमालिकेतील खलनायकाची आहे. तो कवटीचा मुखवटा घालून हिंडत असे. बँडने तो चेहरा उचलून आपल्या तबकडीवर छापला आणि पुढे तेच त्यांचे चिन्ह झाले. डोळ्यांभोवती काजळी फासलेली, कपाळावरून नाकासमोर हनुवटीपर्यंत लोंबणारी केसांची एक बट, अंगावर हाडांचे चित्र, आणि गाण्यांत १९५० ते १९६० च्या दशकांतील स्वस्त भयपटांतील प्रेते, परग्रहवासी आणि रक्तपिपासू मंडळी, असा सगळा साज जमला. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला यात परके काही वाटू नये. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, तोंडाला रंग फासून राक्षस झालेला माणूस सकाळी आपल्याच बांधावरून पाण्याची पाळी विचारायला येतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आता संगीताविषयी, कारण माझे खरे उत्तर तेथे आहे. या प्रकाराला हॉरर पंक म्हणतात (पंक म्हणजे वेगवान, रांगडे रॉक संगीत), आणि नाव ऐकून लोकांना वाटते की गाणी किंकाळ्यांची असतील. प्रत्यक्षात डॅन्झिगचा गळा खर्जातला, भरदार आणि अगदी जुन्या वळणाचा आहे. एल्व्हिस प्रेस्ली ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याची आठवण हमखास होते. खाली गिटार आणि ड्रम पंकच्या वेगाने धावत असतात, आणि वर १९५० च्या दशकातील अमेरिकन तरुण नाक्यावर उभे राहून टाळ्या-चुटक्यांवर जशी प्रेमगीते गात, तशा सरळ, सुरेल चाली असतात. मी त्यांची पाच-सहा गाणी ऑर्गनवर बसवून पाहिली आहेत. सा, मध्यम आणि पंचम यांवर उभे केलेले तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरगुच्छ, आले की बहुतेक काम भागते. फारच झाले तर धैवतावरचा एक चौथा. अवघड काहीच नाही, आणि म्हणूनच ती डोक्यातून जात नाहीत. गाणे ऐन रंगात आले की शब्द बाजूला पडतात आणि सगळा बँड मिळून नुसता ‘व्होऽओऽ, व्होऽओऽ’ असा हाकारा घालतो. हा हाकारा प्रेक्षकांसाठीच केलेला असतो. इंग्रजी येवो न येवो, दुसऱ्या खेपेला तो कोणालाही उचलता येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गावात दारोदारच्या पळसाच्या फांद्या काढून शिवेबाहेर नेऊन टाकतात. लहानपणी त्या आदल्या रात्री मला झोप येत नसे, कारण त्या रात्री मारबत नावाची दुष्ट बाई गावात हिंडते असे आजीने सांगून ठेवले होते. पण पहाटे सगळ्या पोरांबरोबर ‘ढेकूण, मोंगसा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ असे ओरडत निघालो की रात्रीच्या भीतीचा मागमूस राहत नसे. तिचे नाव जितक्या जोराने घ्यावे तितकी मजा वाटे. मिसफिट्सच्या हाकाऱ्यात मला ती पहाट ऐकू येते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी याहून शहाणे उत्तर नाही.

माणसांच्या बदलण्याकडे येतो. कोमा आणि मिस्टर जिम १९७८ मध्येच गेले. त्यांच्या जागी गिटारवर बॉबी स्टील आणि ड्रमवर जोई इमेज आले. १९७९ च्या अखेरचा इंग्लंडचा दौरा अर्ध्यावर फिसकटला आणि ड्रमर निघून गेला. मग आर्थर गूगी आला. १९८० मध्ये स्टीलला काढून जेरीच्या धाकट्या भावाला, डॉयलला, गिटारवर घेतले. तो तेव्हा १६ वर्षांचा होता, वडिलांच्या यंत्रकारखान्यात भावाबरोबर काम करत होता, आणि वाजवायला त्याला बँडमधल्याच मोठ्यांनी शिकवले होते. नाटक कंपनीत पुतण्याला आधी पडदा ओढायला बसवतात आणि एक दिवस त्याच्या हातात तलवार देतात, त्यातलाच हा प्रकार. या संचाची १९८२ मध्ये आलेली ध्वनिमुद्रिका बँडची पहिली प्रसिद्ध झालेली पूर्ण ध्वनिमुद्रिका ठरली. तिच्यात १३ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून जेमतेम २५ मिनिटांत संपतात. आमच्याकडे एवढ्या वेळात एक लावणी होते.

त्यानंतर गूगी गेला आणि ब्लॅक फ्लॅग या बँडमधून आलेला रोबो ड्रमवर बसला. आता वेग भलताच वाढला. १९८३ ची ध्वनिमुद्रिका पुढे थ्रॅश मेटल हे अतिवेगवान, कर्कश संगीत वाजवणाऱ्यांनी डोक्यावर घेतली, हे मला ठाऊक आहे, तरीही मला ती आवडत नाही. त्या धावपळीत डॅन्झिगची चाल धापा टाकते, आणि चाल दमली की उरतो तो फक्त मुखवटा. सहा वर्षांच्या या काळात किमान सहा ड्रमर झाले.

त्यांतल्या शेवटच्याची गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. २९ ऑक्टोबर १९८३ रोजी डेट्रॉईट शहरात बँडचा कार्यक्रम होता आणि नव्याने घेतलेला ड्रमर इतका प्यायलेला होता की त्याला ताल धरता येईना. काही गाण्यांनंतर डॉयलने त्याला मंचावरून बाजूला नेले, त्याच रात्री तेथे वाजवणाऱ्या नेक्रोस या दुसऱ्या बँडचा ड्रमर येऊन बसला आणि कार्यक्रम पार पडला. हा आपला शेवटचा कार्यक्रम आहे, असे डॅन्झिगने तेथेच लोकांना सांगून टाकले. ही हकीकत मी वाचली त्याच्या दोनच वर्षे आधी कुरखेड्याकडच्या एका गावी आमच्यावर हाच प्रसंग गुदरला होता. दुसऱ्या अंकात तबलजीचा हात डग्ग्यावर पडण्याऐवजी सतरंजीवर पडू लागला, तेव्हा दोघांनी त्याला अलगद उचलून गाडीत निजवले आणि त्या गावच्या भजन मंडळातील ढोलकीवाला, अंगावरची चादरसुद्धा न काढता, येऊन बसला. नाटकातले एकही गाणे त्याने आधी ऐकलेले नव्हते. मी मुंडी हलवून सम दाखवत राहिलो आणि पहाटे साडेचारला भरतवाक्य झाले. प्रॉम्प्टरच्या सांगण्यानुसार तो आमचा त्या हंगामातील सर्वांत चांगला प्रयोग होता. आमची कंपनी मात्र त्यामुळे मोडली नाही. दुसऱ्या दिवशीची तारीख दिलेली होती.

बँड मोडल्यानंतर डॅन्झिगने दुसरे बँड काढले आणि तिकडे जेरी मिसफिट्स या नावासाठी भांडत राहिला. १९९५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड होऊन त्या नावाने वाजवण्याचा हक्क त्याला मिळाला. मायकल ग्रेव्ह्ज या कोवळ्या पोराला गायक आणि डॉ. चड याला ड्रमर घेऊन १९९७ आणि १९९९ मध्ये त्याने दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. अनेक जुने चाहते त्यांना मिसफिट्स मानतच नाहीत. मला हे पटत नाही. ग्रेव्ह्जचा गळा डॅन्झिगपेक्षा हलका असला तरी तो चालीला जपून गातो आणि हाकाऱ्याला कुठेही कमी पडत नाही. २००० साली हे दोघेही सोडून गेले, पाठोपाठ डॉयल गेला, आणि जेरी स्वतःच गाऊ लागला. त्या काळाविषयी फार काही लिहावे असे मला वाटत नाही.

तेव्हा गुरुजी, तुमच्या प्रश्नाचा हिशेब मी असा मांडतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस जेरी, म्हणून दुकान त्याचे. पण लोक आजही जी गाणी ओरडतात ती जवळजवळ सगळी डॅन्झिगने बांधलेली, म्हणून माल त्याचा. एकाला दुसऱ्यावाचून करमले नाही, हे त्यांना कळायला ३३ वर्षे लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये डेन्व्हर आणि शिकागो येथे डॅन्झिग, जेरी आणि डॉयल पुन्हा एका मंचावर उभे राहिले. ड्रमवर मात्र त्यांच्या जुन्यांपैकी कोणीच नव्हते; ती जागा भरायला स्लेयर या बँडचा माजी ड्रमर डेव्ह लोंबार्डो बोलवावा लागला.

यंदा आमच्याकडेही ऑक्टोपॅडवर नवा मुलगा आहे.