जॅक लेस्लीचं नाव यादीतून गेलं

आवडता फुटबॉलपटू कोण, असं विचारलं की लोक पेलेचं नाव घेतात, मॅराडोनाचं घेतात. मी जॅक लेस्ली म्हणतो आणि मग तो कोण हे सांगत बसतो. सांगायला मला आवडतं.

१९०१ साली लंडनच्या पूर्वेला कॅनिंग टाउन या गोदी कामगारांच्या वस्तीत तो जन्मला. वडील जमैकाचे कृष्णवर्णीय, आई इंग्रज. धंद्याने तो बॉयलर बनवणारा कारागीर. माझी सगळी नोकरी बडोद्यात बॉयलर हाऊसमध्ये गेली, तेव्हा हा माणूस मला पहिल्या वाचनातच आपला वाटला. बॉयलरच्या ड्रममध्ये शिरून काम केलेल्या माणसाचे खांदे आणि मनगटं कशी होतात, हे मला ठाऊक आहे. अशा माणसाला धक्का मारून चेंडू काढून घेणं सोपं नसणार!

१९२१ मध्ये तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या प्लिमथ शहरातल्या अर्गाइल क्लबात आला. तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटातून तेव्हा दरवर्षी फक्त पहिला संघ वर चढायचा आणि अर्गाइल सलग सहा वर्षं दुसरा आला. वर चढायला १९३० साल उजाडलं. लेस्ली डावीकडचा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडीत मध्याच्या जवळ खेळणारा; त्याच्या बाहेर, मैदानाच्या कडेला विंगवर सॅमी ब्लॅक. सुमारे ४०० सामने आणि १३७ गोल, तेही एकाच क्लबासाठी. पुढे तो कर्णधारही झाला.

१९२५ च्या शरदात मॅनेजर बॉब जॅकने त्याला बोलावून सांगितलं, तुझी इंग्लंडसाठी निवड झालीय. प्लिमथमध्ये आनंदीआनंद झाला. थोड्याच दिवसांत पेपरातल्या यादीतून त्याचं नाव गेलेलं होतं. कारण कुणी दिलं नाही. २४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये इंग्लंडला आयर्लंडविरुद्ध एकही गोल करता आला नाही, सामना ०-० सुटला. त्याच दिवशी अर्गाइलने बोर्नमथला ७-२ हरवलं, त्यात लेस्लीचे दोन गोल.

बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९१७ साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर इथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढलं. मग बडोद्याच्या कमाटीबागेत ज्या झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यांसाठी लढण्याचा संकल्प केला, ती जागा आज संकल्पभूमी. शिक्षण पाहून नेमायचं आणि जात पाहून हाकलायचं. लेस्लीबाबत निवडणाऱ्यांनी पाय पाहिले, मग चेहरा पाहिला.

त्याने कधी तक्रार केली नाही, असं कौतुकानं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. विचारलं कुणी होतं त्याला? १९७८ मध्ये एका पत्रकाराने विचारलं, तेव्हा तो स्पष्ट बोलला: माणसं पुन्हा मला बघायला आली, पण माझा खेळ नाही, माझं तोंड बघायला.

डोळ्याच्या दुखापतीने खेळ थांबल्यावर तो पुन्हा बॉयलरच्या कामाला लागला. म्हातारपणी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाच्या बूटरूममध्ये खेळाडूंचे बूट साफ करायचा. १९६६ चा विश्वविजेता कर्णधार बॉबी मूर, जेफ हर्स्ट, बर्म्युडाहून आलेला क्लाइड बेस्ट, यांचे बूट त्याच्या हाताखालून गेले. हे काम हलकं होतं असं मी म्हणणार नाही. कामात हलकं काही नसतं. पण त्या खोलीत इंग्लंडसाठी निवडला गेलेला माणूस बसलाय, हे तिथल्या प्रत्येक खेळाडूला कळायला हवं होतं.

लोकांनी वर्गणी काढून २०२२ मध्ये प्लिमथच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला. २०२३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याला मानाची कॅप, म्हणजे देशासाठी खेळणाऱ्याला मिळते ती टोपी, दिली; ती लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याच्या नातींनी घेतली. चांगलं झालं. पण नोव्हेंबर १९७८ मध्ये विव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, तेव्हा लेस्ली ७७ वर्षांचा होता. पुढे १९८८ पर्यंत तो जगला. ती कॅप त्याच्याच हातात देता आली असती.