फ्रेमच्या दुकानातून जुन्या वस्तूंकडे : आमची वाटचाल

राजवाड्याजवळचं बाबांचं दुकान फ्रेमिंगचं. इंदूरच्या मराठी घरांतून लग्नाचे फोटो, गुरूंच्या तसबिरी, देवांची चित्रं काच बदलायला यायची. जुने खिळे उपसून मागची फळी काढली की आत काय काय निघायचं! होळकर संस्थानाची तिकिटं, जुनी पत्रं, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. बाबा ते सगळं पाकिटात घालून, वर घरमालकाचं नाव लिहून परत करत. आमच्या आजच्या धंद्याची सुरुवात त्या पाकिटांपासून झाली.

रामबागेतल्या एका वाड्यातून लक्ष्मीची तसबीर आली, तो दिवस माझ्यासाठी मोठा. काच धुरकटलेली, चौकटीला वाळवी. काच उचलली तर लक्ष्मीचं लुगडं खऱ्या कापडाचं! छापील चित्रावर कुणीतरी बारीक जर आणि टिकल्या लावून देवीला नेसवलं होतं. घरातल्या आजींना विचारलं, तर हे त्यांच्या सासूबाईंच्या हातचं काम. खालच्या कडेला रविवर्मा प्रेसचं नाव. राजा रविवर्म्यांचा हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०३ मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. बाबांनी हातात भिंग दिलं आणि फरक दाखवला. दगडावरून छापलेल्या चित्रात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले दिसतात. ऑफसेटच्या नकलेत ते जाळीसारखे शिस्तीत बसतात. आजही दुकानात चित्र आलं की किमतीची गोष्ट नंतर, आधी भिंग.

त्यानंतर मी जुन्या वस्तूंच्या मागेच लागलो. १८८६ सालचं तुकोजीराव होळकरांच्या चित्राचं अर्ध्या आण्याचं तिकीट, शिवाजीराव होळकरांची सूर्याचा चेहरा असलेली नाणी, चावीची घड्याळं, चिनी मातीच्या बरण्या. इंदूरजवळचं महू तर खजिनाच. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर तिथे इंग्रजांची छावणी बसली, त्यामुळे साहेब लोकांचं सामान पिढ्यान् पिढ्या तिथल्या घरांत मुरलेलं आहे. पितळी कोपऱ्यांच्या लिहायच्या पेट्या, दोन भागांत सुटणारी कपाटं, आणि चर्चमधले पुतळे.

चर्चचं काम आमच्याकडे आलं ते एका फादरांमुळे. इंदूरचं पांढरं चर्च, म्हणजे १८५८ सालचं सेंट अ‍ॅन्स, आणि लाल चर्च लहानपणापासून बाहेरूनच पाहिलेली. एका चर्चमधली मदर मेरी दुरुस्तीला आली, तेव्हा पहिल्यांदा असा पुतळा इतक्या जवळून पाहिला. प्लास्टरचा, आतून पोकळ, मजबुतीला आत तागाचे धागे. दर सणाला भक्तिभावाने ऑइल पेंटचा एक हात मारलेला, त्यामुळे बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झालेली आणि डोळ्यांच्या कडा बुजलेल्या. आमच्या कारागिराने कापसाच्या बोळ्याने आणि बारीक पात्याने, नखाएवढा भाग घेत, थर उतरवले. खालून फिकट निळा झगा निघाला, त्यावर सोनेरी चांदण्या. डोळे काचेचे होते! फादर कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. आम्ही पुन्हा रंग दिला नाही. तुटलेली दोन बोटं तेवढी भरली.

आपल्याला हे परकं वाटू नये. पोर्तुगीजांवरच्या वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजीअप्पांच्या फौजेने आणलेल्या चर्चच्या घंटा आजही देवळांत आहेत. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे.

देवांच्या बाबतीत आमचा एक नियम आहे आणि तो मोडत नाही. पूजेतले देव आम्ही विकत घेत नाही. मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला जातात, वाडा बिल्डरला जातो आणि देवघर पिशवीतून आमच्या काउंटरवर येतं. चांदीचे टाक सराफ्यात वजनावर वितळतात, हे मला बघवत नाही. घोड्यावरचा खंडोबा, अष्टभुजा भवानी, घरातले वीर, हे त्या कुळाचे आहेत. आम्ही टाक साफ करून देतो, मागे कुणाचे ते चिठ्ठीवर लिहितो आणि नात्यात कोण सांभाळेल ते विचारायला लावतो. अन्नपूर्णेचा चेहरा रोजच्या हाताने गुळगुळीत झाला असेल, तर तो तसाच ठेवा. पीतांबरीने घासून चकाकी आणू नका.

बाकी खरेदी-विक्री कायद्यात राहूनच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या मूर्ती-चित्रांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. हस्तिदंताला आम्ही हातही लावत नाही. कुठल्या देवळातून, कुठल्या चर्चमधून आली याचा कागद नसेल तर मूर्ती दारातूनच परत जाते, कितीही सुंदर असली तरी. हा कडकपणा मला योग्य वाटतो. आपल्याच माणिकबाग राजवाड्यातलं अप्रतिम फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकलं गेलं. इमारत इंदुरात आणि आतलं घर जगभर विखुरलेलं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून आम्ही विकलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ती कुठल्या घरातून आली याची नोंद जाते. घरच्यांची इच्छा नसेल तर आडनाव गाळतो, मोहल्ला आणि काळ मात्र लिहितोच.

तुमच्याकडे जुनी तसबीर असेल तर काच घरी उघडू नका. रंग काचेला चिकटलेला असू शकतो. आहे तशी, आडवी धरून, सुती कापडात गुंडाळून आणा. पाहून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.