दोन ऊद आणि एक अंबर

श्रावणात आमच्या घरात एकही वस्तू कोरडी नसते. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, काडेपेटीतली काडी तीनदा घासली तरी नुसता लाल ठिपका दाखवून विझते. पडवीतल्या दोरीवर चार दिवस लोंबणारा टॉवेल पाचव्या दिवशी असा काही वास मारायला लागतो की त्यापेक्षा ओल्या अंगाने फिरलेलं बरं. गेल्या श्रावणात शेजारी सत्यनारायण होता, म्हणून ठेवणीतली इरकल काढली, तर तिच्या घडीतून डांबरगोळी आणि बुरशी यांचा संयुक्त वास आला. साडी तशीच नेसले. पूजेला आलेल्या सगळ्याच बायकांना तो वास येत होता, त्यामुळे कुणाला वेगळा आला नाही. पण घरी येऊन ठरवलं, आता आपल्याला एक अत्तर हवं. आणि ते उबदार हवं.

उबदार म्हणजे काय, हे मला नेमकं माहीत होतं. मी सात-आठ वर्षांची असताना माझी मावशी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, ती अशाच पावसात. माजघराच्या कोपऱ्यात पितळेचं धुपाटणं, त्यात करवंटीचे निखारे, आणि आजीच्या मुठीत उदाचे खडे. ते खडे मी पुष्कळदा चोरून हातात घेऊन पाहिले आहेत. तांबूस, ठिसूळ, आणि मध्ये बदामाच्या गरासारखे पांढरट तुकडे अडकलेले. निखाऱ्यावर पडला की खडा आधी घाम आल्यासारखा चमकायचा, मग रटरटायचा, आणि मग धुराची जाड दोरी सरळ वर जायची. त्याच्यावर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाची लंगोटं, टोपडी पसरलेली. ऊन नसताना कपडे वाळवायची ती युक्ती. कपडे वाळायचेच, वर गोड, थोडासा जळका, दुधासारखा काही वास धरायचे. पावसाळ्यातलं कोरडं सुख म्हणजे काय, याचा वास माझ्या लेखी तोच.

म्हणजे मला ऊद हवा होता. सोपं होतं. मोबाइल घेतला, शोधलं, आणि 'ऊद' असं ठळक लिहिलेली एक काळी-सोनेरी बाटली मागवली. रकमेचा उल्लेख करत नाही. हा लेख नवराही वाचतो.

बाटली आली, मनगटावर एक फवारा मारला, आणि क्षणभर वाटलं पार्सल बदललं असावं. ओल्या गोठ्यात कुणीतरी टिंक्चर आयोडीनची बाटली फोडावी, तसा वास. नवरा पडवीतून आत आला, छताकडे बघत म्हणाला, "माळ्यावर उदमांजर शिरलंय वाटतं." मी गप्प राहिले. ऊद आणि उदमांजर यांच्यात काही नातं असलंच तर ते त्या संध्याकाळी आमच्या घरात प्रस्थापित झालं.

मग जरा खोलात गेले तेव्हा घोळ कळला. अरबीत 'ऊद' म्हणजे नुसतं लाकूड. अत्तरवाल्यांचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपल्याकडे आसामात होतं ते झाड. त्याच्या गाभ्याला बुरशी लागली की झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ सोडतं, आणि त्या राळेने भरलेल्या लाकडाला सोन्याचा भाव येतो. ज्यांना आवडतो त्यांना तो वास वेड लावतो म्हणे. लावो. आपल्या घरातला ऊद मात्र लाकूडच नव्हे, तो लोबान. सुमात्रा, लाओस या बाजूच्या झाडांच्या सालीला खाचा पाडल्या की पाझरणारा डिंक. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणत, जावाकडचा धूप. त्या शब्दाची तोडमोड होत होत युरोपात 'बेंझॉइन' झालं. आणि मराठीत कधीतरी, कुणीतरी, लाकडाचं नाव डिंकाला चिकटवून टाकलं. त्या कुणाच्या तरी चुकीची भरपाई मी केली.

बुरशीच्या वासातून सुटायला मी बुरशी लागलेलं लाकूड विकत घेतलं होतं, हे लक्षात आल्यावर मात्र हसू आलं.

आता पुढचं शोधणं जरा शहाणपणाने केलं. नावं वाचायची नाहीत, आत काय आहे ते वाचायचं. आणि असं वाचता वाचता दिसलं की माझा लोबान ज्या अत्तरांत असतो, त्यांच्यावर नाव असतं अंबर.

आमच्या किनाऱ्यावर अंबर म्हटलं की आधी पोलीस आठवतात. 'व्हेल माशाची उलटी जप्त' ही बातमी रत्नागिरी-सिंधुदुर्गात अधूनमधून येतच असते. ती उलटी नसते, व्हेल मासाही नसतो, पण बातमीला कोण समजावणार. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकुलांच्या, म्हणजे स्क्विडच्या, चोची टोचू नयेत म्हणून साचत जाणारा तो मेणचट गोळा. तो समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून, उन्हात तापून सुगंधी होतो. मूळ अरबी 'अंबर' तोच. स्पर्म व्हेलला 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तो गोळा विकणं गुन्हा. मी बाटलीवर 'अंबर' वाचून एकदा दाराकडे बघितलं, हे कबूल करते.

दुसरा अंबर म्हणजे माळेत ओवतात तो पिवळा, पारदर्शक खडा, कोट्यवधी वर्षांपूर्वीची दगड झालेली राळ. त्याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून. ग्रीक लोक त्यालाच इलेक्ट्रॉन म्हणत आणि विजेचं इंग्रजी नाव तिथूनच आलं. आमच्याकडे श्रावणात वीज ज्या बेताने असते, ते बघता तृणमणी घासत बसणं जास्त भरवशाचं.

गंमत अशी की अत्तरातल्या अंबरात यातलं काहीच नसतं. व्हेलचा गोळा नाही आणि तृणमणीही नाही. त्या खड्याला तसाही वास जवळजवळ नसतोच. अत्तरवाल्यांचा अंबर हा एक बेत आहे, आपण आमटीचा बेत म्हणतो त्या अर्थाने. लोबान, व्हॅनिला आणि लॅबडॅनम नावाचा एक डिंक, ही त्यातली मुख्य मंडळी. हे लॅबडॅनम भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या पानांवर चिकचिकत असतं. शेळ्या त्या झुडपांत चरायला शिरल्या की त्यांच्या दाढीला चिकटायचं आणि लोक दाढ्या विंचरून ते काढून घ्यायचे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी बोकडांच्या दाढीतल्या या सुगंधाची नोंद करून ठेवली आहे. व्हॅनिलाचा वास 1874 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला, आणि त्यानंतर हा गोड-धुरकट बेत अत्तरवाल्यांच्या हातात खऱ्या अर्थाने बसला. 1925 मध्ये पॅरिसहून आलेलं 'शालिमार' हे त्याच घराण्यातलं. नाव आपल्या बागेचं, बाकी सगळं परदेशी. लोबानात मुळातच थोडं व्हॅनिलिन असतं, हे वाचलं तेव्हा मावशीच्या बाळाच्या टोपड्याला येणारा तो दुधाळ गोडवा कुठून यायचा ते चाळीस वर्षांनी कळलं.

मग एका शनिवारी सावंतवाडीला गेले. बाजारात एक अत्तरवाले चाचा बसतात. लाकडी पेटी, तिच्यात काचेची बुचं असलेल्या बाटल्या, शेजारी कापसाचा पुडा. मी म्हटलं, "अंबर दाखवा." त्यांनी वर बघितलं. "कुठचा? गोड हवा, धुराचा हवा, की औषधी?" मी मावशीचं बाळंतपण सांगितलं. चाचांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एका गिऱ्हाईकाला थांबवून. मग एक डाव्या मनगटावर, एक उजव्या, आणि तिसरं कोपराच्या आतल्या बाजूला, काचेच्या कांडीने एकेक रेघ ओढली.

"चौथं नको," ते म्हणाले. "तीनच्या पुढे नाक खोटं बोलतं."

मी मनगट नाकाशी न्यायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. "आता नाही ताई. राळेचा माल आहे, उठायला वेळ घेतो. कुठे राहता?"

"वेंगुर्ल्याला."

"मग उतरल्यावर हुंगा. आवडलं तर पुढच्या शनिवारी या."

पैसे न घेता गिऱ्हाईक एसटीत बसवणारा विक्रेता मी पहिल्यांदा पाहिला. अर्थात माझ्याच्याने उतरेपर्यंत कुठलं राहवतंय. गाडी सुटली तेव्हाच डावं मनगट हुंगलं. कापूर आणि खोकल्याचं औषध. उजवं म्हणजे निव्वळ पेढा. कोपर अजून काहीच बोलत नव्हतं. खिडकीच्या काचा पावसामुळे बंद, गाडीत ओल्या छत्र्या, कुणाच्या तरी पिशवीत सुके बांगडे. तळवड्याला डाव्या मनगटातला कापूर उडून गेला होता आणि खाली कडवट, चिकट काहीतरी उरलं होतं. पेढा आता मळमळायला लागला होता. तुळस गाव आलं तेव्हा मी कोपर नाकाशी नेलं.

आम्ही आंबा कसा निवडतो ते आठवलं. रंगाला कोण विचारतो. फळ उचलायचं, उलटं करायचं, आणि देठाशी नाक लावायचं. तिथे गोडव्याच्या आधी एक वेगळाच वास असतो, चिकाचा. तिखट, राळेसारखा, ओठाला लागला तर उतवणारा. तो असेल तर आतला गोडवा खरा. नुसताच गोड वास असेल तर समजावं, आढी कशाची तरी आहे. रुमी मस्तकी म्हणून जो सुगंधी डिंक मिळतो, तो ग्रीसच्या एका बेटावरच्या झाडाचा, आणि ते झाड आंब्या-काजूच्याच कुळातलं. तेव्हा राळ पारखायची विद्या आमच्याकडे नाही असं कुणी समजू नये. फक्त ती मे महिन्यापुरती वापरली जाते.

कोपरावर चीकही होता आणि गोडवाही. बसमधली शेजारीण मला स्वतःचं कोपर हुंगताना बघून सरकून बसली.

घरी पोचले. चपला काढतेय तोवर खाटेवरून सासूबाईंनी मान वर केली. ऐंशी पार झालेल्या आहेत, ऐकू कमी येतं, दिसतं बेताचं, पण नाक शाबूत.

"कोणाकडे बाळ झाला गो?"

मी तिथेच, एका पायात चप्पल घेऊन उभी राहिले. पुढच्या शनिवारी जाऊन तेच अत्तर अर्धा तोळा घेतलं.

इथे लेख संपायला हरकत नव्हती, पण प्रामाणिकपणे मे महिन्याचं सांगायला हवं. नणंदेच्या मुलीचं लग्न, बिनपंख्यासारखा पंखा असलेला हॉल, आणि मी हौसेने चार ठिकाणी अंबर लावलेलं. या अत्तरांच्या वर्णनात नेहमी लोकरीचा कोट, शेकोटी, बर्फ वगैरे येतं. ते उगाच नसतं. राळेचे रेणू जड, ते थंडीत हळूहळू सुटतात. तापलेल्या अंगावरून मात्र सगळे एकदम सुटतात. मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मागून एका पोराने स्वच्छ आवाजात विचारलं, "आई, इथे आइस्क्रीम जळलंय का?" वेंगुर्ल्याला थंडी म्हणजे पंधरा दिवस पातळ चादर. मे महिना सुरंगीच्या-बकुळीच्या आठवणीवर काढावा, दिवसभरात कोमेजणारं काहीतरी डोक्यात माळावं. अंबर आमच्याकडे पावसातच. आता बाटली मृगाला बाहेर काढते आणि दसऱ्यानंतर डांबरगोळ्यांपासून लांब, डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवते.

नवऱ्याला त्या पहिल्या काळ्या-सोनेरी बाटलीचं दुःख अजून आहे. परवा म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं." मी म्हटलं, मला धुपाटणंच हवं होतं, ते फक्त थेट मागायला पाहिजे होतं.

यंदाही पाऊस लागून राहिलाय. काल दिवेलागणीला वीज गेली. सासूबाईंनी हाक मारली, "ता तुझा बाळाचा अत्तर खंय आसा?" मी बाटली काढली, कापसाचा बारीक फाया केला, बुडवला, आणि अंधारात चाचपडत त्यांच्या कानाशी नेला.

"ह्या कानात नको गो," त्या म्हणाल्या. "ह्या कानात मशीन आसा."