तुम्ही विचारलेत म्हणून: सारे आधीच ठरले असेल तर प्रार्थना कशाला?

कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले असेल तर प्रार्थना कशाला करायची, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की विचारणाऱ्याच्या ओठांवरचे विजयी हसूही आता ओळखीचे झाले आहे. ज्याने शेवट नेमला त्याने तिथवरची वाटही नेमली, आणि प्रार्थना व सुवार्ता त्या वाटेचाच भाग आहेत, एवढे माझे उत्तर. हे दैववादच झाले, असेही म्हणू नका. दैवाला कोणाविषयी प्रीती नसते.

अडचण निराळी आहे, आणि ती माझ्यापुढे एका आईने ठेवली. तिचा तरुण मुलगा ख्रिस्ती मंडळीपासून दुरावलेला असतानाच अपघातात गेला. दफनविधीनंतर, लोक पांगल्यावर, त्याच्या दृढीकरणाचे, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या विधीत मिळालेले, बायबल मांडीवर घेऊन तिने विचारले, “पाळकसाहेब, देवानं त्याला निवडलंच नव्हतं का?” नेदरलँड्समध्ये भरलेल्या, देवाच्या निवडीवरचा वाद सोडवणाऱ्या 1618-19 च्या डॉर्ट परिषदेचा एक अनुच्छेद मला पाठ होता: तान्हेपणी देवाघरी गेलेल्या आपल्या लेकरांच्या निवडीविषयी भक्तिमान आईबापांनी शंका घेऊ नये. पण तिचे लेकरू तान्हे नव्हते. देवाची यादी माणसाला वाचता येत नाही, असे मी म्हणालो. “मग उपदेशात एवढ्या खात्रीनं कसं बोलता?” यावर मी गप्प बसलो.

विद्यार्थी असताना मी डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांवर तुटून पडत असे. कोण विश्वास ठेवील हे आधी पाहून देव निवडतो असे त्यांच्यासारखे मानले, तर शेवटचा शब्द माणसाचाच ठरतो आणि कृपा नावापुरती उरते. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. मात्र कोण तरेल, कोण नाही हा देवाचा आधीचा ठराव भयंकर आहे, हे ती शिकवण ठामपणे मांडणाऱ्या सोळाव्या शतकातल्या कॅल्विनने स्वतः मान्य केले होते, आणि त्या वाक्यावरून तेव्हाचा मी झरझर पुढे जात असे. आपली निवड स्वतःत न शोधता ख्रिस्तात पाहावी, हा त्याचाच सल्ला जिवंत माणसाला पुष्कळ धीर देतो. पाहणे सोडून दिलेल्या मृताविषयी त्या आईला त्यातून काय सांगावे?

विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित कार्ल बार्थने निवडलेला आणि नाकारलेला, दोन्ही ख्रिस्तच, अशी मांडणी केली. ती मला मोहवते. पण नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा 9 वा अध्याय उघडला की याकोब आणि एसाव या जुळ्या भावांत जन्माआधीच झालेली निवड समोर येते, आणि तिला वळसा घालायला माझे मन अजून धजत नाही.