नमुना ओळखीचा हवा : आमच्या प्रयोगशाळेची वाटचाल

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे मागण्या यायच्या त्या एका ओळीच्या. ‘तुळशीचा अर्क, अर्धा किलो.’ कोणती तुळस, पानं की मंजिऱ्या, ताज्या की वाळवलेल्या, अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, यातलं काहीही लिहिलेलं नसायचं. मागणाऱ्यांमध्ये चांगले अनुभवी संशोधकही असत. अर्क विकलाच जायचा नुसत्या नावाने, त्यामुळे मागायची सवयही तशीच पडलेली. मग त्या अर्काची जंतूंवर नाहीतर सुजेवर चाचणी व्हायची, निष्कर्ष छापून यायचा, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग केला की उत्तर वेगळं यायचं. वाद रंगायचा तो वनस्पतीच्या गुणावर. दोघांच्या बाटल्यांत वेगवेगळा माल आहे, हे तपासायला कुणी जायचं नाही.

या गोंधळातूनच आमचा व्यवसाय उभा राहिला. मी रसायनशास्त्राची, माझा भागीदार वनस्पतिशास्त्राचा. शिकत असल्यापासूनची ओळख. औषध बनवायचं नाही, साबण-मलमं विकायची नाहीत, हे पहिल्यापासून पक्कं होतं. संशोधकांना असे अर्क आणि अशी तेलं पुरवायची की त्यांचा सगळा आगापिछा कागदावर असेल, एवढंच काम घ्यायचं ठरवलं. तेलं काढण्यासाठी काचेचं क्लेव्हेंजर उपकरण, अर्क आटवायला रोटाव्हेपर आणि तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणारा, आधी वापरलेला एक गॅस क्रोमॅटोग्राफ, एवढ्यावर सुरुवात केली.

तुळशीपासूनच आम्ही बरंच शिकलो. शेजारीशेजारी वाढलेली, पान-फूल सारखं दिसणारी दोन झाडं घेतली तरी एकाच्या तेलात युजेनॉल भरपूर निघतं, दुसऱ्याच्या तेलात मिथाइल युजेनॉल. नावात एका शब्दाचा फरक, पण युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला तो दात बधिर करणारा ओळखीचा घटक, आणि मिथाइल युजेनॉलवर कर्करोगाच्या दृष्टीने संशय घेतला जातो. एकाच जातीतल्या अशा रासायनिक प्रकारांना केमोटाइप म्हणतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, नाकाला थोडेफार कळतात, यंत्राला स्पष्ट दिसतात. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मालाबरोबर त्या झाडाची फुलासकट दाबून वाळवलेली फांदी येते, तिच्यावर गोळा केल्याची तारीख आणि जागा लिहिलेली असते, आणि ती हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात कायमची राहते. या बाबतीत माझा भागीदार अतिशय कडक आहे. फुलाविना आलेला माल त्याने कितीही घाई असली तरी परत पाठवला आहे, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. पानाच्या भुकटीवरून जात ओळखायची वेळ आली की पुढचं सगळंच डळमळीत होतं.

झाडाइतकीच महत्त्वाची असते ती काढायची पद्धत. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची हकीकत सांगतो. मलेरियावर औषध शोधताना त्यांच्या गटाने सुमारे 200 वनस्पतींचे 380 हून अधिक अर्क तपासले. आर्टेमिसिया ॲनुआ या झाडाच्या अर्काने एकदा आशा दाखवली, पण पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो गुण टिकेना. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या जुन्या ग्रंथात ही वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली होती. त्यावरून यूयू यांना शंका आली की उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी साधारण 35 अंशांना उकळणारं ईथर घेऊन कमी तापमानात अर्क काढला, आणि 1971 मध्ये त्या नमुन्याने उंदरांमधल्या मलेरियाचे परजीवी पूर्ण नाहीसे केले. पुढच्याच वर्षी आर्टेमिसिनिन वेगळं झालं, आणि 2015 मध्ये नोबेल मिळालं. झाड तेच होतं, पान तेच होतं. आर्टेमिसिनिनच्या रेणूमध्ये दोन ऑक्सिजन अणूंचा जो नाजूक पूल आहे, तो शाबूत राहतो की नाही यावर सगळं अवलंबून होतं. अर्कावर ‘काढण्याचं तापमान’ हा रकाना आम्ही का सोडत नाही, ते यावरून कळावं.

उलटही घडतं. कॅमोमाइलच्या फुलात निळा रंग नसतो, पण वाफेने काढलेलं त्याचं तेल गडद निळं उतरतं. फुलातल्या मॅट्रिसिनचं उष्णतेने विघटन होऊन कॅमाझुलीन तयार होतं, त्याचा तो रंग. म्हणजे तेलातला हा घटक झाडाने बनवलेलाच नाही, भांड्यात बनला. पहिल्यांदा ते निळं तेल पाण्यावर तरंगताना पाहिलं की नवीन मुलं थक्क होतात, आणि मलाही अजून ते बघायला थांबावंसं वाटतं.

याच मुद्द्यावरून आमची एक मोठी मागणी गेली. सालईच्या डिंकाचं, म्हणजे बॉसवेलियाचं, वाफेने काढलेलं तेल एका व्यापाऱ्याला हवं होतं आणि त्यासोबत सांधेदुखीवरचा दाखलाही. डिंकातल्या बॉसवेलिक आम्लांवर सांध्यांच्या सुजेच्या संदर्भात खरंखुरं संशोधन झालेलं आहे, ते त्यांनी वाचलं होतं. पण ही आम्लं जड रेणूंची, वाफेबरोबर वर येत नाहीत. ती डिंकातच मागे राहतात. तेलात उतरतात ते अल्फा-पायनीनसारखे हलके घटक. डिंकाच्या अर्कावरचं संशोधन तेलाच्या बाटलीवर चिकटवणं म्हणजे ग्राहकाची सरळ फसवणूक. आम्ही तेलाचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्यातल्या घटकांचा आलेख, दिला, दाखला दिला नाही. त्यांनी माल दुसरीकडून घेतला. हळदीचंही असंच आहे. कर्क्युमिन हळदीच्या बाष्पनशील तेलात नसतं, तिथे टर्मेरोन असतात. तरीही तेलाच्या जाहिरातीत कर्क्युमिनचे गुण सर्रास वाचायला मिळतात, आणि ते वाचून त्रास होतो.

पैशाच्या दृष्टीने पहिली वर्षं कठीण गेली, कारण तपासणीचा खर्च मालापेक्षा जास्त आणि तो कुणाला द्यायचा नसायचा. बाजू सावरली ती टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलामुळे. या तेलाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 4730. त्यानुसार टर्पिनेन-4-ऑल हा मुख्य घटक किती टक्के असावा, सिनिओल कितीच्या वर नसावं, हे ठरलेलं आहे. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर मुरुमांसाठी 5 टक्के टी ट्री तेलाची तुलना 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी केली गेली. दोन्हींनी फरक पडला, तेलाला वेळ जास्त लागला पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. असा अभ्यास पुन्हा करायचा तर तेल मानकात बसणारं हवं, आणि ते तसं आहे हे कुणीतरी तिऱ्हाइताने सांगायला हवं. असं तेल तपासून देणाऱ्यांची गरज संशोधकांना होतीच, ते आमच्यापर्यंत पोहोचू लागले.

यंत्राचंही थोडं सांगते. गॅस क्रोमॅटोग्राफमधून प्रत्येक घटक आपल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचं शिखर उमटतं. मास स्पेक्ट्रोमीटर त्या घटकाचे तुकडे मोजून संगणकातल्या संग्रहाशी ताडतो. इथे फसगत फार सोपी असते. सेस्क्विटर्पीन गटातल्या कित्येक रेणूंचे तुकडे जवळपास एकसारखेच पडतात, संगणक मात्र ‘96 टक्के जुळलं’ म्हणून मोकळा होतो. म्हणून आम्ही दर वेळी अल्केन या साध्या हायड्रोकार्बनांची मालिका सोबत चालवून धारण निर्देशांक, म्हणजे त्यांच्या तुलनेत घटक यंत्रातून केव्हा बाहेर पडतो ते, काढतो, आणि दोन्ही पुरावे जुळल्याशिवाय नाव लिहीत नाही. न ओळखलेल्या शिखरापुढे ‘अनोळखी’ असंच लिहून देतो. लॅव्हेंडरच्या तेलात भेसळ पकडायची तर याच्याही पुढे जावं लागतं. झाडातलं लिनालूल जवळजवळ सगळं एकाच हाताचं, म्हणजे डाव्या-उजव्या आरशातल्या दोन रूपांपैकी एका रूपाचं असतं. कारखान्यातल्या लिनालूलमध्ये दोन्ही निम्मीनिम्मी. ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या कायरल कॉलममधून काढलं की दुसरं शिखर वर येतं आणि उत्तर मिळतं. वास घेऊन हे कुणालाच सांगता येणार नाही.

नमुना जुना होतो, ही गोष्ट लोक विसरतात. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन हायड्रोपेरॉक्साइड बनतात, आणि त्वचेची ॲलर्जी प्रामुख्याने त्यांच्यामुळे होते. टी ट्री तेल जुनं होईल तसं त्यात पॅरा-सायमीन वाढत जातं. अर्धी रिकामी, सारखी उघडलेली बाटली वापरून ‘हे तेल त्वचेला सोसत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो कशाबद्दल आहे? आमच्या बाटल्या गडद काचेच्या, जवळजवळ काठोकाठ भरलेल्या, वरच्या थोड्याशा पोकळीत नायट्रोजन सोडलेला. प्रत्येक बॅचचा थोडा भाग आम्ही थंडीत राखून ठेवतो, म्हणजे वर्षभराने कुणी प्रश्न विचारला तर दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघता येतात.

हळूहळू संशोधक आम्हाला चाचणीची मांडणीही विचारू लागले. तेल पाण्यात मिसळत नाही, जंतू वाढवायच्या आगर या घट्ट माध्यमातही नीट पसरत नाही. त्यामुळे थाळीत तेलाची चकती ठेवून भोवतीचं जंतूमुक्त वर्तुळ मोजलं तर चांगलं तेल कमकुवत ठरू शकतं. ट्वीन-80 सारखा, तेल पाण्यात मिसळवणारा पायसीकारक घालून द्रव माध्यमात किमान प्रतिबंधक प्रमाण, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढणं बरं, आणि त्यातही नुसत्या ट्वीनचा स्वतंत्र नमुना हवाच. शिवाय चाचणीच्या थाळीतल्या खाचा झाकलेल्या नसतील तर एका खाचेतली वाफ शेजारच्या खाचेतले जंतू मारते. अर्कांची अडचण निराळी. टॅनिन भरपूर असलेला अर्क कुठल्याही प्रथिनाला चिकटतो, म्हणून विकराची (एन्झाइमची) जवळपास प्रत्येक चाचणी ‘यशस्वी’ होते. टॅनिन काढून टाकून पुन्हा बघितलं की बरेचदा काही उरत नाही. कर्क्युमिनबद्दल 2017 मध्ये नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच सविस्तर दाखवून दिलं, की हा रेणू अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत स्वतःच ढवळाढवळ करतो आणि खोटे होकार देतो. हा लेख आला तेव्हा काही ग्राहक नाराज झाले. आम्हाला मात्र तो फार मोलाचा वाटला, आणि अजूनही कर्क्युमिन मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो वाचायला सांगतो.

यातून कुणी असं समजू नये की वनस्पतींमध्ये काही नसतं. सदाफुलीकडे 1950 च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावरचं औषध म्हणून बघत होते. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या त्यांना दिसल्या, आणि त्यातून विनब्लास्टीन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. अपेक्षित उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी नोंद टाकून दिली असती तर? आमच्याकडून गेलेल्या नमुन्यावर ‘परिणाम दिसला नाही’ असं कळवणाऱ्या संशोधकांना मी आवर्जून विनंती करते की तेही छापा, बॅच क्रमांकासकट.

सध्या आमचा सगळा जीव एका अवघड कामात गुंतला आहे. तेलांच्या मानवी चाचण्यांत रुग्णाला खरं तेल दिलं की खोटं, हे त्याला कळता कामा नये. पण वासाने ते लगेच कळतं. पेपरमिंटच्या तेलाला आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बंद केलं तरी एखादी ढेकर भेद उघडा करते. मिंटसारखा वास देणारं, पण मेन्थॉल जवळजवळ नसलेलं असं तुलनेचं तेल बनवायचा आमचा प्रयत्न चालू आहे. अडचण अशी की मेन्थॉल थंडावा देतं ते चेतातंतूंवरच्या टीआरपीएमएट या थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चाळवून, आणि तो थंडावा दुसऱ्या रेणूने आणायचा म्हटलं तर तो रेणूही त्याच प्रथिनावर काम करतो. म्हणजे खोटं तेलही थोडंफार खरं होऊन बसतं. त्यामुळे थंडावा सोडून द्यायचा आणि फक्त वास जुळवायचा, असं आता ठरलं आहे. त्यातली पहिली बॅच स्थिरतेच्या चाचणीला लावली आहे. ती टिकली तर पोटाच्या विकारांवर काम करणाऱ्या ज्या संशोधकांना मानवी चाचणी आखायची आहे, त्यांना नमुना आणि पूर्ण क्रोमॅटोग्राम दोन्ही आम्ही देऊ.